चॅरिटीचा बिब घेतलाय आणि नडगी दुखतेय, जानेवारीत धावू की नको?

ताई, उत्तर जरा लांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात पायाचा एक प्रश्न आहे आणि पैशांचा दुसरा, आणि ते दोन्ही एकमेकांत गुंतलेत म्हणूनच तुम्हाला झोप लागत नाहीये. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई गुहागरच्या, वय ३९, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पहिली फुल म्हणजे ४२.१९५ किमी. खेड्यातल्या शाळांमध्ये मुलींसाठी स्वच्छतागृहं बांधणाऱ्या एका संस्थेसाठी चॅरिटी बिब (संस्थेसाठी पैसे उभे करायचे या बोलीवर मिळणारी रेसची एंट्री) घेतलाय आणि ओळखीपाळखीतल्या सगळ्यांकडून, मुंबईच्या चाकरमान्यांकडूनसुद्धा, पैसे गोळा केलेत. गणपती झाल्यावर डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, एक्सरे काढला, तो नॉर्मल आला, तीन आठवडे बसून राहिल्या, मग बरं वाटलं म्हणून एकदम १६ किमी केले आणि दुखणं पहिल्यापेक्षा जास्त होऊन परत आलं. आता ११ आठवडे उरलेत. विचारताहेत की धावू का, इंजेक्शन घेऊन निभेल का, आणि नाही धावले तर लोकांना काय तोंड दाखवू.

मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे, रनर्सचे पाय बघण्यातच बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे स्पष्ट लिहिते. सगळ्यात आधी हे दोन हिशोब आजच वेगळे करा. पाय धावण्यालायक आहे का हे नडगीचं हाड ठरवणार, किती लोकांनी पैसे दिलेत यावरून ते ठरत नाही. माझ्याकडे चॅरिटीसाठी धावणारे लोक नेहमी उशिरा येतात. स्वतःच्या हौसेसाठी धावणारा माणूस दुखलं की थांबतो, दोन दिवस चिडचिड करतो आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतो. ज्याने लोकांकडून पैसे घेतलेत तो दुखणं लपवतो, घरीही सांगत नाही, क्रोसिन-कॉम्बिफ्लाम घेऊन लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, उरकतो, आणि जे तीन आठवड्यांत बरं झालं असतं ते तीन महिन्यांवर नेतो. ही माणसं चांगली असतात, दिलेल्या शब्दाला जागणारी असतात, म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं.

आता पाय. नडगीच्या आतल्या कडेला दुखण्याची दोन मोठी कारणं असतात आणि त्यांच्यात फरक करणं हेच तुमचं या आठवड्याचं काम आहे, ट्रेनिंग वगैरे नंतर. एक म्हणजे शिन स्प्लिंट्स, हाडाच्या कडेला जिथे पोटरीचे खोल स्नायू आणि त्यांचं आवरण चिकटलेलं असतं तो भाग चिडतो. दुसरं म्हणजे हाडालाच ताण बसलेला असतो, आधी आतून सूज आणि तसंच रेटत राहिलं तर बारीक भेग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. खुर्चीत बसून अंगठ्याने हाडाची आतली कड वरून खाली हळूहळू दाबत जा. दुखरा पट्टा लांब असेल, निदान ५ सेंटीमीटर, आणि धावायला लागल्यावर अंग तापलं की दुखणं कमी होत असेल तर पहिलं कारण जास्त शक्य. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, दाबल्यावर जीव जातो असं दुखत असेल, धावताना वाढतच जात असेल, चालतानाही जाणवत असेल किंवा रात्री बिछान्यात ठणकत असेल तर ते हाड आहे असंच धरून चालायचं. तुम्ही लिहिलंय की हल्ली पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरतानासुद्धा दुखतं आणि रात्री एकदोनदा जाग आली. हे वाक्य तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंत पण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

एक्सरे नॉर्मल आला यावर विसंबू नका. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बहुतेक वेळा दिसतच नाही, कधीकधी पुढेही दिसत नाही, हाड भरायला लागलं की मग तिथे जाडसर सावली दिसते. एमआरआय मात्र हाडाच्या आतली सूजसुद्धा लवकर दाखवतो. तालुक्याबाहेर जावं लागेल, खर्च आहे, दिवस मोडेल, सगळं मान्य, पण तुमच्या बाबतीत सगळा निर्णय त्या एका रिपोर्टवर आहे तेव्हा ऑर्थोपेडिककडे जाऊन चिठ्ठी घ्या आणि करून टाका. तोपर्यंत धावणं शून्य. चालताना लंगडत असाल तर फिरायला जाणंही बंद. त्या पायावर उड्या मारून बघू नका, ती टेस्ट तपासणाऱ्याला करू दे.

बाकीच्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. धावताना जांघेत खोल दुखत असेल, किंवा नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध, किंवा पावलाच्या वरच्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढे बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर. या जागच्या भेगा सहज भरत नाहीत आणि जांघेतली, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेची, सरकली तर ऑपरेशनच करावं लागतं.

तुम्ही विचारलंत की सगळं प्लॅनप्रमाणे चाललं होतं मग हे झालंच कसं. प्लॅनमध्ये गणपती नव्हते ना! कोकणातल्या बाईच्या गणपतीचे दिवस म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको, आठवडाभर आधी साफसफाई, मग माणसांनी भरलेलं घर, दिवसभर अनवाणी लादीवर उभं राहणं, झोप चार-पाच तास, आणि विसर्जन झाल्यावर राहिलेल्या रन्स भरून काढायच्या म्हणून त्याच आठवड्यात २४ किमी. हाडाला रन आणि घरकाम असा फरक कळत नाही. भार पडला की हाड आधी थोडं झिजतं आणि मग भरतं, झिजणं लवकर होतं आणि भरायला बरेच आठवडे लागतात, मध्ये विश्रांती, झोप, जेवण मिळालं नाही तर झीज पुढे जाते आणि भरणं मागे राहतं. तुमच्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीत नवरात्राचे नऊ उपास होते हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे हाड भरायच्या वेळेला तुम्ही साबुदाणा आणि चहावर होतात. श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही पण हाड बरं होत असताना आणि लाँग रनच्या आठवड्यांत उपास नको, यावर मी ठाम आहे. आणि एक खाजगी गोष्ट विचारते, पाळी वेळेवर येते का? ट्रेनिंग वाढल्यापासून लांबली असेल, कमी झाली असेल, एखादा महिना चुकली असेल तर चाळिशी जवळ आली म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की शरीर आधी तिथे काटकसर करतं आणि त्याच्या मागोमाग हाडं कमजोर होतात. हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. ड जीवनसत्त्वाची टेस्टही सोबत करून घ्या, आपल्याकडे एवढं ऊन असूनही ते कमी निघालेल्या बायका मी रोज बघते.

खाण्याचं फार अवघड नाहीये. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, भाकरी असो की आंबील. दही-ताक आहे, मासे खात असाल तर काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी आहे, कुळथाची पिठी आहे. मुद्दा एवढाच की पोटभर खा आणि रनवरून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी खा, सगळ्यांचं आवरून साडेदहाला स्वतःचा नाश्ता, असं नको.

दुसरं कारण रस्त्याचं असू शकतं. तुम्ही गाड्या समोरून दिसाव्यात म्हणून कायम उजव्या कडेने धावता, ते सेफ्टीच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे जाताना आणि येताना दोन्ही वेळा तुमचा उजवा पाय खाली आणि डावा वर राहतो. वरचं पाऊल आतल्या बाजूला जास्त कलतं आणि त्याचा ताण नडगीच्या आतल्या कडेला जातो. याच एका कारणाने झालं असं मी म्हणणार नाही पण डाव्याच पायाला का, याचं उत्तर यात असू शकतं. पुढे धावायला लागाल तेव्हा सपाट जागा शोधा, शाळेचं ग्राउंड, सड्यावरचा, म्हणजे वरच्या सपाट माळावरचा, रहदारी नसलेला रस्ता. शृंगारतळीच्या बाजूचे चढउतार सध्या विसरा, उतारावर नडगीला जास्त मार बसतो.

आणि पुळण! गुहागरसारखा लांबलचक सरळ किनारा दारात असल्यावर मऊ वाळूत धावलं तर पायाला आराम पडेल असं सगळ्यांनाच वाटतं. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पोटरीवर बरंच जास्त काम पडतं, त्यात अनवाणी असाल तर अजून वाईट, त्यामुळे ती नको. ओहोटीनंतरची ओली घट्ट वाळू चांगली, तीही बूट घालून, आणि तिथेही समुद्राकडे उतार असतोच पण जाऊन परत आलात की दोन्ही पाय आलटून पालटून खाली येतात. वेळ कशी काढायची ते तुमच्या तिकडच्या कोणत्याही खारव्याला, म्हणजे मासेमाराला, ठाऊक असतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी धावायला किनाराच नाही, आणि पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला पाणी लांब गेलेलं असतं. रनिंगचं कॅलेंडर असं कालनिर्णय बघून लावता येतं.

आता समजा रिपोर्टमध्ये हाडात काही नाही किंवा अगदी वरवरची सूज आहे आणि डॉक्टर म्हणाले शिन स्प्लिंट्स. मग जानेवारी शक्य आहे, पण तुमच्या डोक्यात जी मॅरेथॉन आहे ती नाही. पहिले दोन आठवडे धावायचं नाही, पण दम टिकवायचा. सायकल चालवा, सीटवर बसून, घाटीवर उभं राहून पेडल मारायचं नाही. पोहता येत असेल तर खोल पाण्यात कमरेला फ्लोट बांधून धावण्याची हालचाल करा, पाय तळाला लागत नाहीत त्यामुळे हाडाला धक्का बसत नाही आणि छाती मात्र चांगली भरते. त्यासाठी समुद्रात जाऊ नका, पोहण्याचा तलाव हवा. दोन आठवड्यांत दम फारसा उतरत नाही, ती भीती काढून टाका.

त्याच दिवसांत पोटरीची ताकद. हा भाग सगळे टाळतात म्हणून जरा सविस्तर सांगते. पायरीच्या कडेला पावलाचा पुढचा भाग ठेवून भिंतीला हलका हात लावून टाचा वर करायच्या, दोन सेकंद वर, तीन सेकंद खाली. आधी दोन्ही पायांवर, दुखलं नाही तर एका पायावर. १५-१५ चे तीन सेट, एक दिवसाआड. काही सेट गुडघा सरळ ठेवून आणि काही गुडघा थोडा वाकवून, कारण वाकवल्यावर आतला सोलियस नावाचा स्नायू काम करतो, धावताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार हाच घेतो, आणि हा थकला की बाकीचं नडगीवर येतं. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅकमध्ये तांदूळ भरून वजन वाढवा. उजव्या पायावर २५ होतात आणि डाव्यावर १२ मध्येच थरथरायला लागतं, असा फरक असेल तर तो कमी होईपर्यंत स्पीडचं नावसुद्धा काढायचं नाही. उंडीचं तेल चोळायचं असेल तर हलक्या हाताने चोळा, बरं वाटतं, पण हाडावर जोर लावून मालिश कुणाकडूनही करून घेऊ नका.

अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच दुखलं नाही की धावणं सुरू, १ मिनिट धाव आणि ४ मिनिटं चाल, असं ३० मिनिटं, एक दिवसाआड. मग २ आणि ३, मग ३ आणि २, मग ४ आणि १. दहापैकी दोनच्या वर दुखलं की त्या दिवशी थांबायचं, आणि खरी परीक्षा दुसऱ्या सकाळची असते, बिछान्यातून उतरताना नडगी कालच्यापेक्षा जास्त बोलत असेल तर एक पायरी मागे. पावलं थोडी छोटी आणि जास्त टाका, ३० सेकंदांत पावलं मोजा आणि पाच टक्क्यांनी वाढवा, एवढ्याने पायावरचा धक्का कमी होतो. बूट फार जुने असतील तर बदला पण आत्ता कार्बन प्लेटवाले महागडे घेऊ नका. कशीबशी बरी झालेली नडगी आणि नवीन प्रकारचा बूट, हे दोन्ही एकदम नको.

पुढचा हिशोब असा. पाचव्या आठवड्यापासून लाँग रन १२, मग १५, मग १८, मग एक आठवडा १४ वर खाली, मग जास्तीत जास्त २२ ते २४, आणि शेवटचे दोन आठवडे टेपर, म्हणजे धावणं कमी करत न्यायचं. सगळं ४ मिनिटं धाव, १ मिनिट चाल याच पद्धतीने. ३२ ची लाँग रन होणार नाही, ती आता सोडून द्या. मागे पडलेले किलोमीटर भरून काढायला गेलात की परत तिथेच याल जिथे आत्ता आहात. किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या पेसने धावलात आणि चालणं किलोमीटरला ११ मिनिटं धरलं तर याच पद्धतीने ४२ किमी साधारण ५ तास ४० मिनिटांत होतात. कटऑफ, म्हणजे रेस संपवायची वेळेची मर्यादा, तुमच्या रेसच्या सूचनांमध्ये बघून ठेवा. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात येतो तेव्हा तो पूर्ण चालायचा हे आजच ठरवून टाका.

आणि एक दिवस ठरवा, साधारण डिसेंबरचा तिसरा रविवार. तोपर्यंत १८ किमी धाव-चाल करून दुसऱ्या दिवशी पाय शांत राहिला नाही तर जानेवारीत फुल नाही. हे आत्ता घरच्यांसमोर बोलून ठेवा, कारण जानेवारीत बिब हातात आल्यावर कुणाचंच मन थांबायला तयार होत नाही.

रिपोर्टमध्ये हाडाला स्पष्ट ताण किंवा भेग निघाली तर उत्तर छोटं आहे. नाही. सहा ते आठ आठवडे धावणं बंद, मग हळूहळू सुरुवात, त्यात जानेवारी निघून जाते. आयोजकांना आणि तुमच्या संस्थेला लगेच ईमेल करून विचारा की एंट्री पुढच्या वर्षावर नेता येते का किंवा छोट्या अंतरात बदलून मिळते का, नियम दर वर्षीचे वेगळे असू शकतात त्यामुळे जेवढं लवकर विचाराल तेवढं बरं.

इंजेक्शनचं म्हणाल तर नको. नडगीच्या या दुखण्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन रेस धावायची हा उपचारच नाहीये, दुखणं दबतं आणि भेग वाढते. रेसच्या सकाळी पेनकिलर हाही त्यातलाच प्रकार, शिवाय चार-पाच तास घाम गाळत असताना ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी किडनीवर ताण येतो. पाणीही तहान लागेल तसंच, भीतीपोटी घटाघट नाही, जास्त पाण्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत लाँग रनला घेऊन बघा, पोटाला चालतंय की नाही ते आधीच कळेल.

आता लोकांचं. तुम्हाला वाटतंय की पैसे तुमच्या ४२ किमीसाठी मिळाले. ताई, पैसे स्वच्छतागृहांसाठी मिळाले, तुम्ही मागितले म्हणून मिळाले, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून मिळाले. १९८० मध्ये कॅनडात टेरी फॉक्स नावाचा मुलगा कॅन्सरच्या रिसर्चसाठी एका कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला होता, १४३ दिवसांत ५,३७३ किमी गेला आणि कॅन्सर फुप्फुसात पसरला म्हणून थंडर बे गावाजवळ त्याला थांबावं लागलं. देश ओलांडायचा राहूनच गेला. तो थांबला म्हणून कुणी पैसे परत मागितले नाहीत, उलट त्यानंतर देणग्यांचा ओघ वाढला आणि त्याच्या नावाच्या धावा आजही दर वर्षी होतात. तुमचं दुखणं त्याच्यासमोर काहीच नाही, हे तुम्हीही म्हणाल, पण देणाऱ्याचं मन कसं चालतं ते यातून दिसतं.

म्हणून रेसच्या आदल्या दिवशी नाही, या आठवड्यात सगळ्यांना मेसेज टाका. साधाच, असा काहीतरी: "ट्रेनिंगमध्ये माझ्या पायाला दुखापत झाली आहे, तपासणी चालू आहे. जानेवारीत मी फुल धावेन, कमी अंतर करेन किंवा धावणार नाही हे डिसेंबरात नक्की कळवीन. तुम्ही दिलेले पैसे संस्थेकडे जमा आहेत आणि काम ठरल्याप्रमाणे होणार आहे. बांधकामाचे फोटो मी पाठवत राहीन." एवढं पुरे. माफी मागू नका, पायाची सगळी कहाणी लिहू नका. आणि फोटो खरंच पाठवा, चौथरा झाला, दारं बसली, पाणी आलं. माझ्याकडच्या रनर्सपैकी ज्यांनी असं वेळेत सांगितलं त्यांना लोकांनी तब्येत विचारली, कुणी वर थोडे अजून दिले. तुमच्यावरचं ओझं त्या एका मेसेजने इतकं उतरेल की पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करायलासुद्धा उत्साह येईल.

रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठवा, नाव झाकून. सोबत तीन गोष्टी लिहा, दोन्ही पायांवर एकेकट्याने किती वेळा टाच वर होते, गेल्या तीन महिन्यांत पाळी कधी कधी आली, आणि सध्याचे बूट अंदाजे किती किलोमीटर झालेत. त्यावरून पुढच्या चार आठवड्यांचं वेळापत्रक मी बसवून देते.